धारणीची पाच पत्रं

आमच्या यादीत कुणालाही नाव नव्हतं. पत्राच्या खाली गाव लिहायचं, एवढंच. मी ‘अकोला’. टायरच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना एका बोटानं टाइप करणारे एक गृहस्थ ‘बाळापूर’. एकाच गावातून दुसरा माणूस आला तर तो ‘दर्यापूर दोन’ व्हायचा आणि वर्षभर त्या दोनावर नाराज असायचा. काम काय, तर वऱ्हाडातल्या एसटी गाड्यांच्या वेळा गोळा करायच्या आणि ज्याला हव्या त्याला फुकट सांगायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी देणार नव्हतं. घरचे लोक कपाळाला हात लावायचे.

मला हा नाद बायकोमुळे लागला असं मी म्हणतो. ती म्हणते, नाद आधीचाच, तुमाले फक्त निमित्त पाहिजे होतं. तिची नोकरी अमरावतीच्या शाळेत, माझी अकोल्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात. मी भूगोल शिकवतो. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण आमचा संसार निम्मा अकोल्यात, निम्मा अमरावतीत आणि उरलेला मूर्तिजापूरच्या स्टँडवर झाला. इतक्या वर्षांत एवढं कळलं की गाडीची वेळ बदलते यात दोष कुणाचाच नसतो. घाटात काम निघतं, बाजाराच्या दिवशी गाडी बाहेरून जाते, कापसाच्या दिवसांत रस्ता ट्रकांनी भरतो. बदल कुणाला तरी माहीत असतोच. ज्याला माहीत असतो तो सांगत नाही आणि ज्याला हवा असतो त्याला विचारायचं कुणाला ते कळत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढीच आमची खटपट होती.

यादी म्हणजे ई-मेलचा एक पत्ता. त्यावर पत्र टाकलं की ते सगळ्या सभासदांना जायचं, आणि शिवाय एका उघड्या वेबपानावर तारीखवार राहायचं. ते पान वाचायला सभासद व्हावं लागत नसे. पासवर्ड नाही, फोन नंबर नाही, कुणाची परवानगी नाही. दिसायला ते पान अगदी दरिद्री होतं, पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकही चित्र नाही. पण फोनला नेटवर्कची एकच काडी असली तरी ते उघडायचं, आणि मेळघाटात एक काडी म्हणजे चैन.

मी शीघ्रकोपी माणूस आहे आणि अर्धवट माहितीचा मला विशेष राग. एकदा यादीवरच्या कुणाच्या तरी भरवशावर मी एका फाट्यावर भर उन्हात दोन तास उभा राहिलो होतो. गाडी आली नाही. चौकशी केली तर कळलं, लिहिणाऱ्यानं ती पाहिलीच नव्हती, त्याच्या मेव्हण्यानं सांगितली होती, आणि मेव्हण्याला आणखी कुणी. त्या दिवशी तावातावात मी नियम घातला. पत्राचा पहिला शब्द तीनपैकी एक असायला हवा: ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ किंवा ‘म्हणतात’. स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तर पाहिलं. ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडून ऐकलं तर ऐकलं. बाकी सगळं म्हणतात. ‘बाळापूर’नी लिहिलं, मास्तर, हे कोर्टाची साक्ष होऊन राहिली. पण सगळ्यांनी पाळला. पुढे पुढे लोक त्या नियमाच्या प्रेमात पडले. ‘म्हणतात’चं ‘पाहिलं’ करायला माणसं रविवारची सकाळ खर्च करून स्टँडवर जाऊन उभी राहू लागली.

अशात एक दिवस धारणीचं पत्र आलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

‘मी धारणीच्या पुढे एका गावात नर्स आहे. आई अकोटला एकटी असते. शनिवारी दुपारी ड्युटी सुटते, सोमवारी सकाळी हजर व्हावं लागतं. धारणीची गाडी सव्वापाचला परतवाड्याला पोचते. तिथून अकोटची साडेपाचची गाडी मिळाली तर शनिवारी रात्री आईकडे जेवते आणि रविवारचा अख्खा दिवस मिळतो. ती चुकली तर रविवार जाण्यायेण्यातच जातो. ती साडेपाचची आहे हे मला लोक सांगतात. पक्कं कुणी सांगेल का? — धारणी’

‘म्हणतात’ हा शब्द न वापरताही बाईंनी आमचा नियम ओळखला होता, म्हणजे लिहिण्याआधी यादी नीट वाचली होती. मला माणूस तिथेच आवडला. त्या शनिवारी मी अमरावतीत होतो. बायकोला म्हटलं, जरा परतवाड्याला जाऊन येतो. ती म्हणाली, ‘दूध आनाले सांगतलं तर पायात चप्पल सापडत नाई तुमाले.’ मी गेलो, साडेपाचला अकोटची गाडी सुटताना पाहिली, आणि तिथूनच लिहिलं. पुढच्या सोमवारी दोन ओळी आल्या: ‘पाहिलं. गाडी मिळाली. आईनं वांग्याची भाजी केली होती.’

त्यानंतर धारणी आमची झाली. मेळघाटातल्या गाड्यांचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तिनं एकटीनं तो भाग भरून काढला. तिची पत्रं आली की मी चहा ठेवून वाचायला बसायचो. एकदा लिहिलं होतं: ‘पाहिलं. सेमाडोहच्या पुढे गाडी वीस मिनिटं थांबली. रस्त्यात रानगवा उभा होता. एका आजोबांनी हॉर्न वाजवायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या घरात आपन घुसलो, वरून त्यालेच हाकलू काय?’ आणि त्याखाली, गाडी परतवाड्याला पाच पस्तीसला पोचली, अकोटची गाडी मात्र थांबली होती, कंडक्टरचे आभार. ती गाडी, ती आई आणि तो रविवार आम्हा सगळ्यांचा झाला होता. सोमवारी ‘बाळापूर’ विचारायचे, धारणी पोचली का?

मग फोनवरचा ग्रुप आला.

कल्पना ‘बाळापूर’ची. ई-मेल आता कोन पाहते, सगळेच त्या अॅपवर आहेत, फोटो टाकता येते, बोलून टाकता येते. मी आधी फणकारलो. ते अॅप एका कंपनीचं, तिथलं लिहिलेलं बाहेरच्याला दिसत नाही, उद्या शोधायला गेलं तर सापडत नाही, असं सगळं बरोबरच बोललो. चार दिवसांनी ‘बघू तरी’ म्हणून आत गेलो आणि पाघळलो. बोर्डाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत अंगठे. यादीवर मेहनत करून लिहिलेल्या पत्राला उत्तर यायला दोन दिवस लागायचे. इथं मी ‘मूर्तिजापूर गाडी वेळेवर’ एवढंच लिहिलं तर चौदा अंगठे. मी ते मोजायचो, हे आज कबूल करायला हरकत नाही. भूगोलाच्या मास्तराला आयुष्यात कुणी अंगठा दाखवतं ते वेगळ्या अर्थानं, त्यामुळे मला ते फार गोड लागलं. महिन्याभरात मीच यादीवर लिहिलं: ‘यापुढे सगळं ग्रुपवर. खालच्या लिंकवरून या. — अकोला.’

सगळे आले. धारणी आली नाही. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, नेटवर्क नसेल, येईल. ग्रुपवर इतकी वर्दळ होती की एक माणूस कमी आहे हे टोचायला सवड नव्हती. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी बोर्डांचे फोटो, संध्याकाळी वाढदिवस. तीन शब्दांचा नियम कधी गेला ते कळलंही नाही. यादीची पत्रं माझ्या मेलमध्ये एका वेगळ्या कप्प्यात आपोआप जाऊन पडायची, तशी सोय मीच करून ठेवली होती. तो कप्पा मी पाच महिने उघडला नाही.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला अकोटला गेलो होतो. जेवण झालं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून जुन्या सवयीनं खिशातली वही काढून स्टँडवरचा बोर्ड उतरवून घेऊ लागलो. फाटकाशी पोत्यावर भाजी मांडून एक बाई बसल्या होत्या. वांगी, चवळीच्या शेंगा, आणि ओल्या फडक्यात सांबार, म्हणजे बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात ती. वय साठीच्या पुढे. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

‘काय लिहून राहिले?’ त्यांनी विचारलं.

‘गाड्यांच्या वेळा.’

‘तुमी यादीवाले काय?’

अकोटच्या स्टँडवर भाजीवाली बाई आपल्याला ओळखते म्हटल्यावर माझी छाती फुगली. ‘हो,’ मी म्हटलं, ‘मी अकोला.’

त्यांनी हातातली सांबाराची जुडी खाली ठेवली. ‘तुमीच अकोला! मंग मले एक सांगा, माह्या पोरीच्या पत्राले उत्तर काहून नाई देत तुमी लोकं?’

मी विचारलं, ‘कोण पोरगी?’

‘धारनीवाली. नर्स हाय ते. पाच पत्रं टाकली तिनं. पाच. आज कोनी उत्तर देईन, उद्या देईन, म्या रोज पाह्यलं. मले वाटे, सारेच्या सारे मेले का काय एकदमच!’

मी विचारलं, तुम्हाला कशी दिसली पत्रं? त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, पदरानं काच पुसली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं. आमची यादी. पोरीनं एका सुट्टीत ते पान उघडायला शिकवलं होतं. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून वाचतात. ‘मले लिहाले जमत नाई,’ त्या म्हणाल्या. ‘नुसती वाचते. तिथं टावर नाई, फोन लागला तर लागला. पन ते यादीत लिहिते ना. आज गाडी पाह्यली म्हनून लिहिलं, म्हनजे चांगली हाय, हिंडूनफिरून हाय. माहं तेवढ्यानं भागते.’

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘दिवाळीपासून शनिवारची आली नाई. रविवारी दुपारी येते अन् दोन घंट्यात उठते.’

मी अर्धा किलो वांगी मागितली. त्यांनी ती नीट निवडून दिली आणि वर मूठभर सांबार टाकलं, रागावलेल्या असूनही. त्याचं मला जास्त लागलं.

अकोल्याच्या गाडीत बसल्याबसल्या मी तो कप्पा उघडला. पत्रं पाचच होती.

पहिलं: ‘पाहिलं. परतवाड्याहून अकोटची गाडी आता पाचलाच सुटते. मी पोचले तेव्हा गेलेली होती. रात्री एका सिस्टरच्या घरी राहिले. हा बदल कायमचा आहे का?’

दुसरं: ‘पाहिलं. या शनिवारीही पाचलाच गेली. सव्वापाचनंतर अकोटला जायला दुसरं काही आहे का? कुणाला माहीत असेल तर लिहा.’

तिसऱ्यात काही विचारलेलंच नव्हतं. हरिसालच्या दोन गाड्यांच्या वेळा होत्या, नेहमीसारख्या व्यवस्थित. कुणी वाचत नसताना.

चौथं: ‘म्हणतात. अमरावतीहून येणारी एक गाडी परतवाड्याच्या स्टँडात न शिरता बाहेरच्या चौकातून अकोटला जाते. स्टँडच्या खिडकीवर विचारलं, ती त्यांच्याकडे नोंदलेली नाही. खरी असेल तर माझं काम होईल. पण खात्री नसताना संध्याकाळी त्या चौकात एकटीनं उभं राहायची माझी तयारी नाही. कुणी पाहिली आहे का?’

पाचवं: ‘यादी बंद झाली असेल तर तसं लिहा. माझं काही म्हणणं नाही. फक्त कळलं म्हणजे मी रोज पान उघडून पाहणार नाही.’

माणसाला अशा वेळी रडू येत असेल. मला राग आला, आणि तोही तिचा. लिंक दिली होती ना! सगळे आले, हिलाच काय झालं यायला? घरी पोचेपर्यंत मी तो राग चांगला तापवत नेला. त्या रविवारी बायको अकोल्यालाच होती. तिनं वांगी पाहिली आणि मी काही विसरलो असेन अशा नजरेनं पिशवी उलटी केली. मी सगळं तिला सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘एक लिंक दाबायची होती. एक!’

‘त्या ग्रुपात नंबर दिसते ना सगळ्याइले?’ तिनं विचारलं.

‘दिसतो. मग?’

‘मंग काय मंग. किती मानसं आहेत तुमच्या त्या ग्रुपात? तुमी वळखता सगळ्याइले? मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपात गेली होती, आठवते? तिसऱ्या दिवसापासून एकाचं रोज शुभ सकाळ सुरू झालं. मंग जेवन झालं का. मंग फोटो काहून बदलला. म्या ग्रुप सोडला तं तुमीच म्हटलं, तुले लोकांत मिसळता येत नाई. त्या यादीत नुसतं गाव होतं. बाईमानसाले तेवढं पुरते.’

तिनं वांगी धुवायला घेतली. हे बोलताना तिचा आवाज चढलाही नव्हता, म्हणून मला ते पुरतं ऐकू आलं. कॉलनीच्या ग्रुपचं मला खरंच आठवत होतं. मी तिला नेमकं तेच म्हणालो होतो, आणि ती भानगड सांगायला आली असेल तेव्हा मी बहुधा कुठलं तरी वेळापत्रक बघत होतो.

त्या संध्याकाळी मी ग्रुपमध्ये शोधत बसलो. बोटं दुखेपर्यंत मागे मागे गेलो तेव्हा, शुभेच्छांच्या ढिगाखाली, धारणीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तीन महिन्यांपूर्वी ‘बाळापूर’नी टाकलं होतं: अमरावती–अकोट गाडी, परतवाडा बाहेरचा चौक, पावणेसहा. खाली एकोणीस अंगठे, त्यांत एक माझा. म्हणजे ती उघड्या पानावर विचारत होती आणि उत्तर आम्ही आतल्या खोलीत बसून एकमेकांना दाखवत होतो.

मी ताबडतोब ‘बाळापूर’ना फोन लावला. ‘ती चौकातली गाडी तुम्ही पाहिली?’

‘म्या नाई. मले दुसऱ्या ग्रुपातून आली होती.’

‘मग टाकली कशी?’

‘अरे वा! तुमचा अंगठा हाय ना तिच्यावर? मले वाटलं मास्तरनं पाह्यली असन.’

आणि मला वाटलं होतं, त्यांनी पाहिली असेल. एकोणीस अंगठे, आणि डोळा एकाचाही नाही. ‘बाळापूर’ म्हणाले, ‘चुकलंच लेका.’ हा माणूस मला मास्तर सोडून दुसरं काही म्हणाल्याची ती पहिलीच वेळ.

पुढचं आधी सांगून टाकतो. ग्रुप आम्ही बंद केला नाही. लोकांना तो आवडतो, मलाही आवडतो. पण तिथे आलेली प्रत्येक वेळ रोज संध्याकाळी यादीवर उतरवायची पाळी आम्ही लावून घेतली, आणि ‘बाळापूर’ची पाळी असते त्या दिवशी दुकानाचं एखादं तरी पंक्चर थांबून राहतं. जे यादीवर नाही ते झालंच नाही असं आता आम्ही धरतो. कुणी कुरकुरलं तर त्याला मी धारणीची पाच पत्रं वाचायला देतो. ती अजून तिथेच आहेत, कुणीही उघडून पाहावीत.

पण हे नंतरचं. त्या रविवारी मी उत्तर लिहायला बसलो आणि लिहिता येईना. पाच महिन्यांनी काय लिहायचं? शिवाय गाडी खरी आहे की नाही तेच माहीत नव्हतं. मी मनाशी ठरवलं, शनिवारी स्वतः बसून येतो, आणि अकोटला उतरून तिच्या आईलाच समक्ष सांगतो. पत्रापेक्षा ते भारी होईल असं वाटलं.

शनिवारी परतवाड्याला गेलो. सव्वापाचला धारणीची गाडी स्टँडात शिरली. धारणीला चालत किती मिनिटं लागतील ते मोजायला, तिच्यातून उतरलेल्या एका बाईच्या मागे, हातात पिशवी आहे असं धरून, त्याच चालीनं चौकाकडे निघालो. चौदा मिनिटं लागली. चौकात रसवंती होती, तिथं उजेड होता, दोन म्हाताऱ्या बाया गाडीचीच वाट बघत बसल्या होत्या. हेही वहीत लिहून घेतलं, कारण तिला तेच हवं होतं. पाच पंचेचाळीस झाले. पन्नास झाले. पंच्याहत्तर मुलांची गोंगाटी वर्गखोली मी शांत करतो, पण त्या पाच मिनिटांत मी रसवंतीवाल्याला चारदा विचारलं. बावन्नला गाडी आली. पाटी अकोटची होती. कंडक्टरला म्हटलं, रोज असते? तो म्हणाला, ‘तर! चार महिने झाले. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?’

सव्वासातला अकोट. फाटकाशी बाई पोतं झटकून गुंडाळत होत्या. मी जवळजवळ पळत गेलो. ‘गाडी आहे! मी बसून आलो तिच्यात!’

त्यांनी आधी माझ्याकडे, मग गाडीच्या पाटीकडे पाहिलं. मग फोन काढला आणि नंबर लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ‘अकोला आले हाय, बोल,’ म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला.

‘अकोला बोलताय का?’ पलीकडून आवाज आला. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असावी. इतकी पत्रं वाचली, पण तिला आवाज असेल हे मी कधी धरलंच नव्हतं. मी गाडीचं सांगायला लागलो आणि मधेच माफीकडे वळलो. म्हटलं, ताई, माझं फार चुकलं, म्हणून मुद्दाम समक्ष आईकडे आलो.

‘सर, मले नका सांगू,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाई होती, टॉवर जाईल म्हणून. ‘यादीवर लिहा. इथं आम्ही आठ-नऊ जणी वाचतो. सिस्टर आहेत, आश्रमशाळेच्या मॅडम आहेत. एकीले अंजनगावले जायचं असते, एकीचं लेकरू परतवाड्याले सासूपाशी हाय. मी विचारते म्हणून त्या विचारत नाईत. माफीचंही तिथंच लिहा. मी तिथंच विचारलं होतं ना.’

फोन कट झाला. बाईंनी मला स्टँडच्या बाकाकडे खूण केली आणि स्वतः शेजारी येऊन बसल्या, टोपली पायाशी घेऊन. मी फोनवर पत्र लिहायला घेतलं. चौक, वेळ, चालायला लागलेली मिनिटं, उजेड, बसलेल्या बाया, सगळं लिहिलं. खाली माफीची ओळ टाकली. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, वाचा.

मी वाचलं. गाडीचं सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं. शेवटची ओळ अशी होती: ‘काही कारणास्तव गेले पाच महिने यादीवर उत्तर देता आलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.’

‘कोनतं कारन?’ बाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. मी ओळ पुसली. मग लिहिलं: ‘तुम्ही पाच वेळा विचारलंत. आम्ही दुसरीकडे गप्पा मारत होतो आणि इकडे वळूनही पाहिलं नाही. सगळ्यांना तिकडे नेलं ते मीच. — अकोला.’ तेही मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाईंनी टोपली उचलून डोक्यावर घेतली.

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘आता धाडा.’